गुपिताची शून्यावी फेरी

नंदा, तुझी आठवी अ आता माझ्याकडे आलीय. मी मागितली नव्हती. मोठ्या बाईंनी वेळापत्रकात तुझं नाव खोडून माझं घातलं आणि विषय संपवला. पहिल्या दिवशी मी वर्गात गेले तर पोरं उभी राहिली, "नमस्ते बाई" म्हणाली, खाली बसली आणि नंतर कोणी काही बोललंच नाही. तुझ्या वर्गात शांतता! भिंतीपलीकडून येणाऱ्या ज्या गोंगाटाच्या नावाने मी इतकी वर्षं बोटं मोडली, तो बंद झालेला ऐकून मला रडू आलं आणि त्याहून जास्त तुझा राग आला. तो अजून गेलेला नाही. हे लिहितेय तेही रागातच, तेव्हा सांभाळून घे.

शाळेच्या फळ्यावर तुझ्या श्रद्धांजलीत रंगीत खडूने लिहिलं होतं, "हसतमुख, मनमिळाऊ, विद्यार्थिप्रिय". विद्यार्थिप्रिय ठीक आहे. पण हसतमुख? सकाळी चहा पोटात जाईपर्यंत तुझ्याशी बोलायची सोय नव्हती. आणि मनमिळाऊ म्हणे! माझ्याशी तू भांडली नाहीस असा आठवडा दाखव. डबा उघडला की भांडण. तुझ्या डब्यात सोलकढी आणि माझ्या डब्यात भेंडी, म्हणून आधीच माझी बाजू पडती. फळा लिहिणाऱ्या चित्रकलेच्या सरांना मी म्हटलं, "भांडखोर पण लिहा." त्यांनी घाईने शेजारी एक फूल काढलं.

आपलं सगळ्यात मोठं भांडण घातांकांवरचं. आपण दोघी आठवीला गणित शिकवायचो, तू अ तुकडीला, मी ब तुकडीला, मधे एक भिंत. मी फळ्यावर नियम लिहायचे, त्याखाली वीस उदाहरणं, आणि घरी करायला आणखी वीस. तू मात्र पाठ्यपुस्तक टेबलावर पालथं ठेवायचीस आणि सुरू करायचीस, "सुखशांती सोसायटीत एक शेवंताकाकू राहायची."

ती शेवंताकाकू मला तोंडपाठ आहे, इतक्या वेळा मी तिला भिंतीतून ऐकलंय. सोसायटीच्या मोदकांच्या स्पर्धेत तळमजल्यावरच्या काकूंना पहिलं बक्षीस मिळालेलं असतं आणि शेवंताकाकूला कळतं, की ते मोदक विकतचे होते. गुपित पोटात ठेवायचं तर पोट दुखतं. मग ती दोघींना सांगते, फक्त दोघींना. त्या दोघी आपापल्या दोघींना. तुझा नियम कडक होता: प्रत्येकीने दोघींनाच सांगायचं, एकदाच सांगायचं, आणि आधी जिला माहीत आहे तिला नाही. पहिल्या फेरीत दोघींना नव्याने कळलं, दुसऱ्या फेरीत चौघींना, तिसऱ्या फेरीत आठ जणींना. फेरी म्हणजे घातांक, आणि एकीने कितींना सांगायचं तो पाया. हे तू पोरांना व्याख्या म्हणून कधीच सांगितलं नाहीस. पोरंच एकमेकांना विचारायची, "तुझा पाया किती रे?"

आणि तू हे नुसतं सांगायची नाहीस, करून घ्यायचीस. एका पोरीच्या कानात कुजबुजायचं आणि सोडायची गोष्ट वर्गात. चौथ्या फेरीपर्यंत सगळं झकास चालायचं. पाचव्या फेरीला बत्तीस नवे कान लागायचे आणि तुझ्या वर्गात तेवढी माणसंच उरलेली नसायची. मग माझ्या वर्गाचं दार धाडकन उघडायचं. "बाई, तुमची मुलं द्या ना, आमची संपली!"

मी ओरडायचे. माझी मुलं आधीच निम्मी बाकावरून उठलेली असायची. तू मागून येऊन दारात उभी राहायचीस, पदर खोचलेला, आणि म्हणायचीस, "दे गं वैशाली, पाच मिनिटांत परत करते. यांना कळू दे ना, पाचव्या फेरीलाच वाट लागते ते!" सहाव्या फेरीत शिपाईमामा आणि सातव्या फेरीत स्वतः मोठ्या बाई सापडल्या होत्या एकदा. त्यांच्या कानात कोणीतरी खरंच जाऊन सांगितलं, की मोदक विकतचे होते. त्या वर्षी हळदीकुंकवाला मोदक त्यांनीच आणलेले होते, त्यामुळे प्रकरण जरा जास्तच तापलं.

मी तुला म्हणायचे, "नंदा, पोरांना गोष्ट लक्षात राहते, गणित नाही." तू म्हणायचीस, "तुझ्या पोरांना काय लक्षात राहतं? पानं?" मग मी तुझ्या वर्गाच्या चुका काढून दाखवायचे. दोनचा तिसरा घात गुणिले दोनचा चौथा घात, तर पोरांनी घातांकांचा गुणाकार करून बारावा घात लिहिलेला. तू वही घेऊन त्या पोराला माझ्यासमोर उभं करायचीस आणि विचारायचीस, "तीन फेऱ्या आपल्या सोसायटीत झाल्या. त्या आठ जणी लग्नाला बोरिवलीला गेल्या आणि तिथे आणखी चार फेऱ्या झाल्या. एकूण कितवी फेरी?" पोरगं जीभ चावायचं. "सातवी बाई." मग माझ्याकडे बघायचीस, भुवया वर करून. त्या भुवया मला अजून दिसतात आणि अजून राग येतो.

पण शून्याचं तू जिंकली होतीस, ते मी तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नाही. शून्य सोडून कुठल्याही संख्येचा शून्यावा घात एक का, हे इतकी वर्षं मी भागाकाराने शिकवलं, आणि पोरांच्या चेहऱ्यावर दरवर्षी तोच संशय, बाई काहीतरी हातचलाखी करतायत. तू एका वाक्यात सांगितलंस. "शून्यावी फेरी म्हणजे अजून कुणालाच सांगितलेलं नाही. पण गुपित आहे ना? एकीच्या पोटात आहे. म्हणून एक." पाया दोन असो, पाच असो, सांगायला सुरुवातच झाली नाही तर एकच. मी भिंतीपलीकडे हातातला खडू तसाच धरून उभी होते. माझ्या वर्गातला एक पोरगा हळूच म्हणाला, "बाई, कळलं." मी त्याला गप्प बसवलं.

आता सांग, मी हे कसं आठवायचं? तू पोरांना ते वाक्य या वर्षीही सांगितलंस. मी ऐकलं. तेव्हा तुझ्या पोटात गुपित होतं आणि तू शून्याव्या फेरीवर थांबलेली होतीस.

खोकला मला दिसत होता. तू म्हणायचीस, "आमच्या कांजूरला सगळ्यांनाच आहे गं, कचऱ्याच्या डम्पिंगचा वास येतो ना." मी मान डोलवायचे, कारण वास खरंच येतो. जिना चढताना मधल्या वळणावर थांबायला लागलीस, तर म्हणायचीस, "वय झालं." दमा आहे म्हणालीस, पंप दाखवलास. दिवाळीनंतर ब्लाउज सैल झाले, तर म्हणालीस डाएट करतेय. डाएट! सोलकढी माझ्या डब्याच्या झाकणात ओतून देत होतीस ती मला डाएट वाटली. प्रत्येक गोष्टीला तुझ्याकडे एक उत्तर तयार होतं आणि प्रत्येक उत्तर पटण्यासारखं होतं. गणिताची बाई होतीस शेवटी.

तू गेलीस त्या दुपारी मी तुमच्या घरी आले तेव्हा सुहास मला दारातच भेटला. तुझा धाकटा भाऊ, पण त्या दिवशी तुझ्याहून मोठा दिसत होता. जिन्यात उभा राहून हळू आवाजात म्हणाला, "वैशालीताई, फुफ्फुसाचा कॅन्सर होता. आम्हालाही शेवटी अ‍ॅडमिट केलं तेव्हाच कळलं. एकटीच जात होती हॉस्पिटलमध्ये, गोळ्या घेत होती. पण प्लीज, बाहेर दमाच सांगा. माझ्या सायलीचं चेंबूरचं स्थळ जवळजवळ ठरलंय. घरात कॅन्सर आहे म्हटलं की लोक दहा प्रश्न विचारतात." मी हो म्हटलं. त्या वेळी त्याने काहीही मागितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

आत तुझी आई बसली होती, भिंतीला टेकून. मला बघून रडली नाही. एवढंच म्हणाली, "माका पण सांगल्यान नाय गो." मग परत तेच. मी तिच्याजवळ बसून राहिले आणि मनात तुझ्याशी भांडत राहिले. आईला नाही, भावाला नाही, मला नाही. आम्ही तुझ्या दोघीतिघींत सुद्धा बसत नव्हतो का गं?

तेरावं व्हायच्या आत दुसरी गोष्ट सुरू झाली. दमा कोणाला पटला नाही. इतका खोकला, इतकी बारीक झाली, आणि एकदम गेली, म्हणजे दमा कसा? मधे जागा रिकामी राहिली की लोक ती भरतात. पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, "आठवीच्या नंदाबाईंना टीबी होता म्हणे. मुलांची तपासणी करून घ्या." सकाळी ते एका ग्रुपवर होतं. संध्याकाळी माझ्या सोसायटीच्या ग्रुपवर आलं, जिथे शाळेचं कोणी नाही. भाजीवालीने मला विचारलं. दुसऱ्या दिवशी तुझ्या वर्गातली निम्मी बाकं रिकामी होती, आणि जी पोरं आली होती त्यांनी तोंडाला रुमाल बांधले होते.

आणि मग वह्या. तुला माहीत आहे का, तुझी ती सवय आम्हाला किती महाग पडली? बोटाला थुंकी लावून पानं उलटायचीस. मी किती वेळा ओरडले, ओला स्पंज आणून दिला, तो तू फळा पुसायला वापरलास. पोरांनी ते घरी सांगितलंच असणार, हसत हसत, कधीतरी. आता आयांना ते आठवलं. तू तपासलेल्या वह्या घरात ठेवायच्या नाहीत असं ठरलं. कोणी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गॅलरीत ठेवल्या, कोणी कचऱ्याच्या गाडीत टाकल्या. एका आईने तर शाळेच्या फाटकाशी येऊन माझ्या हातात पिशवी दिली, दोन बोटांनी धरून. "बाई, तुम्हीच काय ते करा. घरात लहान बाळ आहे आमच्या." पिशवीला बाहेरून सॅनिटायझर मारलेला होता. आत तिच्या श्रावणीची गणिताची वही होती. त्यावर तुझी लाल शाई, आणि समासात तुझं नेहमीचं वाक्य, "शेवंताकाकूला विचार."

मला तिला म्हणायचं होतं, टीबी वहीतून होत नाही. आणि टीबी असता तरी काय झालं असतं? त्याने माणूस टाकून द्यायच्या लायकीचा होतो का? मी यातलं थोडं म्हटलंही. ती म्हणाली, "मग काय होतं त्यांना, ते तरी सांगा ना." आणि मी सुहासला दिलेला शब्द आठवून गप्प बसले. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिची खात्री पटत चाललेली मला दिसत होती. मी गप्प बसले म्हणून ती गोष्ट आणखी पक्की झाली.

मोठ्या बाईंकडे गेले तर त्या म्हणाल्या, "आपण काहीच बोलायचं नाही. दोन आठवड्यांत विसरतात लोक." लोक विसरतीलही. पण ती पोरं चाळिशीला आली तरी त्यांना आठवेल, की आपल्याला एक बाई होत्या, त्यांच्या वह्या टाकून द्याव्या लागल्या होत्या. तू त्यांना घातांक शिकवलेस, हसवलंस, आणि उरणार होतं ते एवढंच. मला झोप लागेना. तुझ्या गोष्टीतल्या फेऱ्या मी मनात मोजू लागले आणि लक्षात आलं, की या गोष्टीचा पाया दोन नव्हता. ग्रुपवर एक बोट टेकवलं की एकदम शंभर-दोनशे माणसं. शेवंताकाकू बिचारी जिने चढून सांगत होती.

मी परत तुमच्या घरी गेले. सुहास कामावर होता. आई खिडकीशी बसून तांदूळ निवडत होती. मी तिला वह्यांचं सांगितलं. सांगायला नको होतं असं बोलता बोलता वाटलं, पण निम्म्यात थांबता येईना. तिचा हात ताटात तसाच राहिला.

"माझ्या चेडवाच्या, नंदाच्या हातचो कागद लोक टाकतत?"

"हो आई."

"आणि तुका खरा काय ता ठावक आसा."

"आहे. पण सुहासला शब्द दिलाय. सायलीचं..."

सायली आतल्या खोलीतून बाहेर आली. ती सगळं ऐकत होती. रडून रडून डोळे सुजलेले. "काकी, आत्याने मला पाढे शिकवलेत," एवढंच म्हणाली. आईने तांदळाचं ताट बाजूला सारलं. "सांग गो तू. काय होवचा ता होवंदे. सुहासाक मी बघतंय."

तरी मी लगेच सांगितलं नाही. तुला खरं वाटेल का, मला भीती वाटत होती. सुहासची नाही, लोकांची तर अजिबात नाही. तुझी. एवढे महिने तू जे दातांखाली धरून ठेवलंस ते मी कोण सोडणार? त्याला काहीतरी कारण असेलच. तुला पोरांची कीव नको होती, की आमची? की फेऱ्यांचं गणित तुला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं आणि तुला ती सुरूच करायची नव्हती? मी बसमध्ये बसून यातलं एकेक कारण तुझ्यावर लावून बघत होते. सगळीच बसत होती.

मग वर्गात ऋण घातांक आले. ते शिकवणं भागच होतं, चाचणी तोंडावर होती. हे आपलं शेवटचं भांडण, आठवतं ना? मी म्हटलं होतं, "तुझी गोष्ट शून्यापाशी संपते. शून्याच्या मागे काय करशील? दोनचा उणे एकावा घात अर्धा. अर्धी बाई आणणार आहेस का सोसायटीत?" तू खोकलीस, हसलीस आणि म्हणालीस, "आणते बघ." पोरांनाही तू तेच सांगून ठेवलं होतंस. मग तू आलीच नाहीस.

मी माझ्या पद्धतीने सुरू केलं. फळ्यावर आठ, चार, दोन, एक. प्रत्येक पायरीला मागे गेलो की निम्मं होतं. मग एकाच्या मागे काय? पोरं म्हणाली, अर्धा. त्याच्या मागे पाव. बरोबर. मी नियम लिहायला वळले तेवढ्यात श्रावणी उभी राहिली. तोंडावर रुमाल होता, त्यातूनच बोलली.

"बाई, पण ती अर्धी कोण?"

"कोण अर्धी?"

"सोसायटीतली. शून्याव्या फेरीत शेवंताकाकू एकटी. त्याच्या आधी अर्धी बाई. नंदाबाई म्हणाल्या होत्या, अर्धी कोण ते नंतर सांगते."

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता.  तुझं उत्तर काय होतं ते मला कधीच कळणार नाही, आणि या जन्मात ती टोचणी जाणार नाही. पण पोरांपुढे उभं राहिल्यावर काहीतरी बोलावं लागतं. मी म्हटलं, "जिला अर्धंच कळलंय ती."

"म्हणजे?"

"म्हणजे पक्कं कळायच्या आधी माणसाला अर्धं कळलेलं असतं. काहीतरी दिसलेलं असतं, पण खात्री नसते. त्याच्या आधी पाव कळलेलं असतं. त्याच्या आधी त्याच्याही निम्मं. कितीही मागे गेलं तरी निम्मं निम्मं होत राहतं, शून्य होत नाही."

श्रावणीने विचारलं, "म्हणजे काहीच माहीत नव्हतं असं कधीच नसतं?"

ती सहज बोलली गं. पण मला जिन्याचं ते मधलं वळण दिसलं, आणि तू कठड्याला धरून माझ्याकडे बघून हसलेली दिसलीस. मला अर्धं माहीत होतं. उरलेलं अर्धं मी विचारू नये म्हणून तू दर वेळी हसायचीस. ते हसणं मी विसरू शकत नाही, आणि त्याबद्दल तुला माफही करू शकत नाही.

मी खडू ठेवला. म्हटलं, "नंदाबाईंना कॅन्सर होता. फुफ्फुसाचा. टीबी नव्हता. कॅन्सर एकाचा दुसऱ्याला होत नाही, वहीतून नाही, शिंकेतून नाही, कशातूनच नाही. त्यांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांच्या आईलाही नाही. मलाही नाही."

 मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, आम्हाला गोष्ट सांगत होत्या तेव्हा त्यांना माहीत होतं?"

"हो."

"तरी त्या हसत होत्या?"

"हो रे."

श्रावणीने रुमाल काढला. बाकीच्यांनी काढला की नाही ते मी बघू शकले नाही, मी खिडकीकडे तोंड केलं होतं. पोरांना मी कुणाला सांगा असं म्हटलं नाही, सांगू नका असंही नाही. तास संपला तेव्हा फळ्यावरचा नियम अर्धवटच लिहिलेला होता.

आणि मग काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. ग्रुपवर अजून कुठल्यातरी लॅबचा तपासणीचा दर फिरत होता. मी त्याच पोरांच्या तोंडाकडे बघत होते आणि मनात तुला म्हणत होते, बघितलंस? खोट्याचा पाया दोन असतो, पाच असतो, शंभर असतो. खऱ्याचा पाया एक. ऐकणारा एकाला सांगतो, नाहीतर स्वतःशीच ठेवतो. आणि एकाला एकाने कितीही वेळा गुणलं तरी एकच. ते आठ दिवस मी फार वाईट काढले. तुझं गुपितही फोडलं आणि तुझं नावही वाचलं नाही, असं वाटत होतं.

रविवारी दुपारी मी मेथी निवडत होते आणि सुहासचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही.

"वैशालीताई, तुम्ही कोणाला बोललात?"

"का रे?"

"का काय? बोरिवलीच्या मामीचा फोन आला आत्ता. तिच्या बिल्डिंगमधल्या कोणीतरी तिला विचारलं, मुलुंडच्या शाळेत गणिताच्या बाई होत्या, कॅन्सर असून शेवटपर्यंत मुलांना गोष्टी सांगून शिकवत होत्या आणि कुणाला कळूसुद्धा दिलं नाही, त्या तुमच्याच नात्यातल्या ना? मामीलाच माहीत नव्हतं! आता ती दहा जणांना सांगणार. चेंबूरवाल्यांना काय सांगू मी? शब्द दिला होता तुम्ही मला!"

"आईंनी सांग म्हटलं, सुहास."

"आईचं काय जातं! पोरगी माझी आहे!"

तो बरंच बोलला. त्याचं चुकत नव्हतं. सायलीचं स्थळ राहतं की मोडतं मला माहीत नाही, अजूनही काही कळलेलं नाही, आणि मोडलं तर त्या पोरीच्या डोळ्यांना डोळे कसे भिडवायचे तेही मला माहीत नाही.  तो ओरडत होता आणि मी मेथीच्या जुडीवर हात ठेवून ऐकत होते, कारण त्याच्या ओरडण्यात ते वाक्य होतं. बोरिवलीच्या त्या बाईला मी ओळखत नाही. ती तुला कधी भेटली नाही. माझ्या वर्गातून निघालेली गोष्ट किती घरांतून, किती तोंडांतून तिच्यापर्यंत गेली असेल देव जाणे, आणि तरी ती जशीच्या तशी पोचली. वाटेत कोणी तिला मीठमसाला लावला नाही. तू कॅन्सर असून शिकवत होतीस, गोष्टी सांगून शिकवत होतीस, एवढंच.

फोन ठेवल्यावर मी खूप रडले. तू गेलीस त्या दिवशी सुद्धा इतकी रडले नव्हते. सुहासची माफी मी मागितली नाही. तुझी मागावी का, ते अजून ठरत नाही. हे करण्याआधी तुला विचारायला हवं होतं हे मला कळतं, नंदा. पण विचारायची सोय तू ठेवली नाहीस.